तुफानची नाडी

अग्निशमन केंद्रात त्याला सगळे तुफान म्हणत, आणि ते नाव त्यानं घाम गाळून कमावलं होतं. सरावाच्या मनोऱ्यावर पाण्याचा जाड पाइप खांद्यावर टाकून सगळ्यांच्या आधी पोचणार तो तुफानच! पण शिडीवर जाणाऱ्यांच्या चाचणीत नुसतं चढून भागत नव्हतं. खाली उतरून बाकावर बसायचं आणि डॉक्टरीणबाईंच्या हाती मनगट द्यायचं. ठरल्या वेळात नाडी शांत व्हायला हवी, आणि तुफानची काही केल्या होईना. आता एकच संधी उरली होती. ती हुकली की शिडी सुटली, मग कंट्रोल रूममध्ये फोन उचलत बसा!

मग गड्यानं काय करावं? रोज मनोऱ्यावर आणखी जोरात धावायला लागला. सकाळी अंग आंबलेलं, जेवताना डोळे मिटायला लागलेले.

त्याची ताई नर्स. एका सकाळी तो अंथरुणातून उठायच्या आतच तिनं त्याची नाडी पकडली. "अरे शहाण्या, झोपेतसुद्धा तू शिडीवरच असतोस! शरीराला पळवणाऱ्या नसा वेगळ्या, शांत करणाऱ्या वेगळ्या. तू पहिल्यांनाच कामाला जुंपलंयस. दुसऱ्या बिचाऱ्या गंजल्या."

"मग काय, झोपून राहू?"

"माझ्याबरोबर चाल आणि बोलत राहा. बोलताना दम लागला, तर वेग जास्त झाला समज. जीव खाऊन पळायचं ते आठवड्यातून एकदाच."

झालं! तुफान ताईबरोबर केंद्रासमोरून गप्पा मारत चालायला लागला. गॅलरीतून सोबती ओरडायचे, "तुफानाची झुळूक झाली रे!" त्याचे कान लाल व्हायचे, पण पठ्ठ्यानं वेग वाढवला नाही. लहानपणीची सगळी भांडणं उकरून होईपर्यंत सकाळी अंग हलकं वाटायला लागलं, भूकही परतली.

चाचणीच्या दिवशी बाकीचे सुसाट सुटले. तो आपल्या चालीनं चढला आणि वेळेत, पण सगळ्यांत शेवटी उतरला. बाकावर बसून त्यानं लांब श्वास सोडला. डॉक्टरीणबाईंनी मनगट धरलं, घड्याळाकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं.

तेवढ्यात खरीखुरी घंटा घणघणली. साहेब ओरडले, "शिडीवर कोण जातंय?"

बाकीचे अजून धापा टाकत होते.

"हा जाईल," बाईंनी त्याचं मनगट सोडलं. "याची नाडी केव्हाच शांत झालीय."

तुफान उठला आणि बंबाकडे जीव खाऊन पळाला. आता पळायचंच होतं.