विहाराच्या कमानीचा गुण्या

मित्रांनो, लोखंडाच्या दोन लांब पट्ट्या काटकोनात जोडल्या की जे तयार होते, ते मी आहे. गवंडी मला गुण्या म्हणतात. एकेचाळीस वर्षांपूर्वी चिपळूणच्या एका लोहाराने मला घडवले आणि लांज्याजवळच्या एका गावातल्या सहदेव गवंड्याने मला घेतले. भिंतीचा प्रत्येक कोपरा तो मला लावूनच पारखायचा. ‘गुण्या खोटं बोलत नाही,’ असे तो सगळ्यांना सांगे.

पुढे सिमेंटचे खांब आले, जांभ्या चिऱ्याची कामे कमी झाली. सहदेवने आखूड, चकचकीत असा नवा गुण्या आणला. मी अकरा वर्षे गोणीत गंजत पडलो. त्या वर्षांविषयी सांगण्यासारखे काही नाही.

मग गावाने नवा बुद्धविहार बांधायला घेतला. दारावर चिऱ्याची कमान हवी होती. दहा फूट रुंद आणि उंची फक्त अडीच फूट, म्हणजे अर्धे लंबवर्तुळ. सहदेवने अर्धगोल कमानी पुष्कळ केल्या होत्या. तिथे मध्यावर खिळा ठोकायचा, दोरी ताणायची आणि दोरीच्या रेषेत चिऱ्यांचे सांधे कापायचे. इथेही त्याने तेच केले. खालचा लाकडी साचा सैल करताच दोन चिरे घसरून खाली आले. कुणाला लागले नाही, पण सहदेव पायरीवर मान खाली घालून बसला.

विहार समितीच्या प्रेमलाताई जवळ येऊन म्हणाल्या, “सहदेवभाऊ, मनाला लावून घेऊ नका. पौर्णिमेला विहार उघडायचाय, बाराच दिवस उरलेत. सिमेंटची तुळई टाकूया.”

सहदेवची पुतणी दीक्षा तिथेच होती. तिने नुकतीच बारावी सायन्सची परीक्षा दिली होती. पडलेला चिरा तिने उलटसुलट करून पाहिला.

“काका, सांधा मध्याकडे नको. कमानीला काटकोनात हवा. गोल कमानीत दोन्ही एकच असतं, इथे नाही.”

“मग कापू कुठल्या दिशेला गो?”

“सांधा जिथे येतो त्या जागी कमान किती कलते ते आधी काढूया.”

तिने ओट्यावर खडूने खऱ्या मापाची कमान आखली आणि शेजारी लिहिले: x² + 4y² = 25. x म्हणजे मध्यापासूनचे अंतर, y म्हणजे उंची.

“y सुटा करत बसायचं नाही,” ती म्हणाली. “आहे तसाच ठेवून दोन्ही बाजूंचं विकलन करायचं. y आला की त्याच्यासोबत dy/dx, म्हणजे त्या जागचा चढ, लिहायचा. हे अव्यक्त विकलन.”

2x + 8y·dy/dx = 0. म्हणून dy/dx = −x/4y.

“मध्यापासून तीन फुटांवर कमान दोन फूट उंच आहे. म्हणजे चढ उणे तीन अष्टमांश. आठ बोटं बाहेर गेलं की तीन बोटं खाली.”

त्या चढाची, कमानीला तिथे नुसती टेकणारी रेषा, म्हणजे स्पर्शिका, तिने आखली. सहदेव त्या रेषेपाशी उकिडवा बसला. मग म्हणाला, “हिच्यावर काटकोन धरायला लांब हाताचा गुण्या लागेल.” आणि स्वतः उठून त्याने मला गोणीतून काढले.

माझी एक पट्टी स्पर्शिकेवर टेकली, दुसरीने सांध्याची दिशा दाखवली. चिऱ्यागणिक नवा चढ, नवी रेषा. दीक्षा आकडे सांगे, सहदेव मला लावून चिरा कापे. सात दिवस आम्हा तिघांना उसंत नव्हती.

आठव्या दिवशी साचा काढायची वेळ आली. प्रेमलाताईंनी सगळ्यांना लांब उभे केले. सहदेवने साच्याखालच्या पाचरी एकेक करून ठोकून काढल्या. साचा खाली उतरला. कमान जागची हलली नाही. सांध्यात नखही जाईना.

सहदेवने दीक्षाला हाताला धरून कमानीखाली नेले. “ही आमच्या दीक्षाने उभी केली,” तो म्हणाला, आणि पौर्णिमेला सारा गाव त्याच कमानीखालून आत गेला.

आता मला दर रविवारी तेलाचा हात मिळतो. मित्रांनो, जुनी अवजारे टाकू नका, ती वापरात ठेवा. आणि बारावीचे गणित पुढे कुठे कामाला येते असे कुणी विचारले, तर वाद घालू नका. त्याला आमच्या कमानीखालून एकदा चालवत न्या.