चिमूटभर सोडा

बाळापूर सोडून गाडी सहा मैल आली असेल-नसेल, तोच तिच्या तोंडातून वाफेचा लोट उठला आणि मागे बसलेली आयशाबी वाकून पुढे बघू लागली.

मागच्या हौद्यात गादी टाकून रुख्मिणीला निजवलं होतं. कालपासून तिला कळा येत होत्या. पहाटे सुईणीनं हात टेकले. बाळ आडवं आहे, म्हणाली, दुपार व्हायच्या आत अकोल्याचा मोठा दवाखाना गाठलात तर दोन्ही जीव हाती लागतील. रुख्मिणीची आई तिच्या लहानपणीच गेलेली. पोर वाढली ती शेजारच्या आयशाबीच्या ओसरीवर. म्हणून तिचा बाप भगवंतराव उजाडायच्या आधी दारात येऊन उभा राहिला होता. "आयशाबी, तुमी संग चाला. माह्यानं पायवत नाई."

गाडी भगवंतरावाचीच. मोठी लढाई संपल्यावर लष्करानं लिलावात काढलेली, डिझेलवर चालणारी, मागे उघडा हौदा असलेली. तिच्यातून त्याच्या मळ्यातली वांगी आणि संत्री अकोल्याला जात. चालवणारा, पुसणारा, रात्रंदिवस तिचे लाड करणारा रऊफ मिस्त्री, म्हणजे आयशाबीचा नवरा. माणूस कामाला वाघ, पण तोऱ्याला त्याहून मोठा. आपली गाडी कधी उकळत नाही, हे तो ओळख नसलेल्या माणसालासुद्धा थांबवून सांगे.

त्या तोऱ्यालाही कारण होतं. हा सगळा मुलूख खारपाणाचा. विहिरींना पाणी आहे, पण ओठाला लावावं तर मीठ. असलं पाणी इंजिनात फिरलं की आतल्या नळ्यांना पांढरा थर धरतो, चहाच्या भांड्याला धरतो तसा, आणि मग इंजिन थंड राहत नाही. म्हणून रऊफ पाणी पारखून घाली. जिभेवर त्याचा भरवसा नव्हता; ती तंबाखूनं केव्हाच मारली होती. त्याची पारख घरच्या चुलीवर व्हायची. जेवायला बसला की तो वरणातली तुरीची डाळ दोन बोटांत चिरडून बघे. पिठासारखी झाली तर पाणी गोडं, उद्या त्याच विहिरीचं पाणी गाडीला. कचकचीत राहिली तर विहीर फिरली, मग कोसभर लांबच्या झऱ्यावरून कावडीनं पाणी आणायचं. "लष्कराचा मीटर खोटा बोलन," दाढी कुरवाळत तो सांगे, "आमच्या घरची डाळ खोटी नाई बोलत."

आणि तीच डाळ गेले दोन महिने खोटं बोलत होती. हे साऱ्या बाळापुरात एकट्या आयशाबीला ठाऊक होतं.

चैत्र लागला आणि विहीर तळाला गेली, तेव्हाची गोष्ट. अकोल्याचे दोन ड्रायव्हर जेवायला आले होते. आयशाबीनं गोवऱ्यांवर गोवऱ्या जाळल्या, पण डाळ काही शिजेना. पाहुण्यांपैकी एक दाताखाली कचकन आवाज आल्यावर हसला. झालं! रऊफनं ताट भिंतीवर भिरकावलं. "वीस वर्सं चूल फुकून राह्यली अन् अजून डाळ शिजवता येत नाई इले!" वरण भिंतीवरून ओघळत खाली आलं. पोटच्या पोरीदेखत, बिल्कीसदेखत, पाहुण्यांदेखत. ते पुसताना आयशाबीनं मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं खारपाणातल्या बायकांची जुनी युक्ती केली. डाळीत चिमूटभर सोडा टाकला. डाळ लोण्यासारखी झाली. रऊफनं ती बोटांत चिरडली आणि खूश होऊन म्हणाला, "वा, विहीर गोडी झाली!" तिनं सांगायला तोंड उघडलं, भिंतीवरचा पिवळा डाग तिच्या डोळ्यांपुढे आला, आणि तिनं तोंड मिटलं. त्यानंतर सोड्याची पुडी रोज सुटत गेली.

आता गाडी रस्त्याच्या कडेला बाभळीखाली उभी होती. वैशाखाचं ऊन सकाळपासूनच मी म्हणत होतं. रऊफ उतरला, पाणी ओतायच्या झाकणाला फडकं गुंडाळून त्यानं ते बेताबेतानं सैल केलं. सूं करून वाफ सुटली. इंजिनाचं पाणी जिच्यात निवतं त्या पुढच्या जाळीवर त्यानं हात ठेवला. वर हात भाजला, खाली जाळी गारच. त्याचा चेहरा पडला.

"पाणी फिरूनच नाई राह्यलं, मालक. पंप गेला. खोलावा लागन."

"किती वेळ?" भगवंतरावाचा आवाज फाटला होता.

"दीड तास. दोन बी लागन."

"दोन तास? पोर मरन माही!" भगवंतराव मटकन रस्त्यावर बसला, आणि लगेच उठला. "थे पाय, वावरात विहीर हाय. पाणी ओत अन् चाल."

"थे खारं हाय. म्या थ्या पाण्याचा थेंब टाकणार नाई. दोन महिने गोडंच पाणी घालून राह्यलो, डाळीवर पारखून. पाण्याची कसर नाई, पंपच गेला." रऊफनं पान्यांची पिशवी सोडली आणि पंपाच्या पहिल्या बोल्टाला पाना लावला.

रुख्मिणीनं आयशाबीचं मनगट धरलं. नखं रुतली. "चाची, मले सोडून जाऊ नोको," ती म्हणाली, आणि पुढचे शब्द कळेत बुडाले. तिचे ओठ पांढरे पडले होते.

आयशाबीला दिसत होतं. हा माणूस चांगला पंप खोलणार, त्यात काही सापडणार नाही, आणि तोवर ही पोर थंड होणार. सांगितलं तर भर रस्त्यात, मालकादेखत हा काय करेल ते अल्लालाच माहीत. हातात तर लोखंडी पाना. तिला खरंच भीती वाटली. वीस वर्षांत या माणसासमोर तिनं एकदाही आवाज चढवला नव्हता. पहिला बोल्ट फिरला.

तिनं मनगट सोडवून घेतलं आणि हौद्यातून खाली उडी टाकली.

"बिल्कीसचे अब्बा, थांबा. पंप खोलू नोका."

"तू बस मांग जाऊन."

"पंपाले काई झालं नाई. डाळीत मी सोडा टाकत होती. चैतापासून. पाणी कवाचंच खारं झालं."

रऊफ वळला. पाना तसाच वर राहिला. भगवंतराव मधे यायला एक पाऊल पुढे आला, पण आयशाबी जागची हलली नाही.

"काय म्हनली?"

"आत बोट घालून पाहा."

रऊफनं झाकण पुरतं काढलं आणि जाळीच्या तोंडाशी नख घासलं. नखात चुन्यासारखी पांढरी पापडी आली. तो ती बघत राहिला. गाडीतून रुख्मिणीचं कण्हणं ऐकू येत होतं.

"तवाच काहून नाई सांगतलं?"

"ताट भिंतीवर फेकलं थ्या दिवशी सांगाले पायजे होतं?"

ती हे बोलली आणि तिचं तिलाच नवल वाटलं. रऊफनं पाना खाली केला. त्याचा चेहरा असा झाला की जणू ते ताट आत्ता त्याच्याच तोंडावर बसलं होतं. मग एकदम त्याच्या अंगात वारं शिरलं.

"मालक, बादली घ्या! नळ्या बुजल्या असतीन तं आता खारं काय अन् गोडं काय. थ्याच विहिरीचं आणा, जेवढं येईन तेवढं. आयशा, पोती भिजव!"

त्यानं तो बोल्ट पुन्हा आवळला आणि इंजिनावरचं झाकण उखडून हौद्यात टाकलं, म्हणजे वारा सरळ लागेल. इंजिन चालू ठेवून तो जाळीच्या तोंडात धार लावून हळूहळू पाणी ओतू लागला. तापलेल्या इंजिनावर एकदम गार पाणी पडलं तर ते तडकतं. पन्नास एकरांचा धनी भगवंतराव धोतर खोचून विहिरीवरून बादल्या ओढत होता, पागोटं कुठं पडलं त्याचं भान नव्हतं. आयशाबीनं ओली पोती जाळीवर बांधली. डबे भरून घेतले आणि गाडी निघाली.

पुढचे दहा मैल कोणी विसरणार नाही. बैलगाडीच्या चालीनं एक मैल जायचं, वाफ दिसली की थांबायचं, पोती भिजवायची, पाणी ओतायचं, पुन्हा निघायचं. दोनदा वाटलं, संपलं. रऊफ दर थांब्याला मागे वळून विचारी, "बोलते का पोर?" आणि आयशाबी म्हणे, "बोलते, चाला." शेवटच्या वेळी रुख्मिणी बोलत नव्हती. आयशाबी तरीही म्हणाली, "बोलते."

दवाखान्याच्या दारात गाडी गचका देऊन बंद पडली ती पडलीच. रुख्मिणीला आत नेलं. भगवंतराव भिंतीला डोकं टेकून उभा राहिला. सावल्या पायांखालून सरकून लांब होऊ लागल्या, तेव्हा डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. मुलगी झाली होती. आई अशक्त होती, पण जिवंत होती. "अजून अर्धा तास उशीर झाला असता तर मला सांगायला काही उरलं नसतं," त्या म्हणाल्या. भगवंतराव लहान पोरासारखा रडला. आयशाबीही रडली. रऊफ गाडीकडे निघून गेला.

गाडी ओढून घरी आणल्यावर पुढचे आठ दिवस त्यानं तिला चिंचेचं पाणी पाजलं. पितळी भांडी घासायला बायका वापरतात तेच. आतला पांढरा गाळ निघत राहिला. घरात तो सोड्याविषयी बरावाईट शब्द बोलला नाही, आणि त्याचं न बोलणंच आयशाबीला जाचत होतं.

नवव्या दिवशी दिवेलागणीला अकोल्याचे तेच दोन ड्रायव्हर आले. आयशाबीनं त्याच विहिरीचं पाणी घेतलं, डाळ चढवली आणि सोड्याची पुडी कोनाड्यातच राहू दिली. ताटं वाढून ती दाराआड उभी राहिली.

कचकन आवाज आला. "काहो मिस्त्री," एकजण हसला, "डाळ कच्ची राह्यली वाट्टे?"

रऊफनं डाळ बोटांत चिरडून बघितली. चिरडली नाही. त्यानं ती तोंडात टाकली आणि बराच वेळ चावत राहिला.

"कच्चीच हाय," तो म्हणाला. "पाणी खारं झालं, तं डाळ तरी काय करन?" मग दाराकडे न बघताच त्यानं हाक मारली, "बिल्कीसची मा, वाढ अजून."

दात दुखेपर्यंत त्यानं ती डाळ खाल्ली. मग हात धुतला, कोपऱ्यातली कावड खांद्यावर घेतली आणि लांबच्या झऱ्याची वाट धरली.