उत्तर उजव्या बाजूला होते

मी एक जुना इयरफोन आहे. मित्रांनो, मी ‘एक’ म्हणालो तरी मला तोंडे दोन, एक डावे आणि एक उजवे. लोकांचे कान भरणे हाच माझा धंदा. पण मी कधी कुणाची चहाडी केली नाही. फोनमधून जे आले ते निमूटपणे कानात पोचवले. माझी गोष्ट कळायला ही दोन तोंडे तेवढी लक्षात ठेवा.

माझा जन्म कारखान्यातला. केसासारख्या तांब्याच्या तारा, त्यावर काळे रबर आणि टोकांना बोराएवढ्या दोन गोळ्या. तपासणीच्या बाईंनी मला कानाला लावून पाहिले, मान डोलावली आणि डबीत गुंडाळून ठेवले. ती माझी पहिली शाबासकी. पुढे व्यायाम शिकवणाऱ्या एका मुलीने मला विकत घेतले आणि माझे सुखाचे दिवस सुरू झाले.

तिला पॉडकास्टचे भारी वेड. केव्हा काय ऐकावे याचे तिचे नियम ठरलेले असत आणि व्यायामशाळेत येणाऱ्या प्रत्येकाला ती ते ऐकवायची.

“पळताना गोष्ट ऐका. शेवट कळेपर्यंत पाय थांबत नाहीत. वजन उचलताना मुलाखत नको, मोजायचं विसरता. आणि पोटाच्या व्यायामाला विनोदी तर मुळीच नको, हसून हसून निम्मे आडवे होतात!”

“आणि रस्ता ओलांडताना गं?” एक काकू मुद्दाम विचारायच्या.

“तेव्हा फक्त रस्ता ऐका, काकू.”

मग तिच्याकडे बिनतारी जोडी आली. कानामागून आली आणि तिखट झाली, दुसरे काय! मला वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? पण तिने मला अडगळीत टाकले नाही. बाबांच्या हातात दिले.

बाबा फर्निचरच्या कारखान्यात सुतार होते. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. लाकूड कापायचे मोठे यंत्र त्यांच्या उजव्या हाताला दिवसभर किंचाळत असे. फळी निवडताना ते बोटाने ठोकायचे, कान लावायचे आणि आतली भेग बाहेरून सांगायचे. डॉक्टरांनी चालायला सांगितल्यापासून ते बसमधून एक थांबा अलीकडेच उतरत आणि उरलेली वाट पायी कापत. लेक त्यांना रोज काहीतरी सुचवायची. बसमध्ये प्रवासाच्या गोष्टी, चालताना शास्त्राच्या गप्पा. जेवताना त्यावर दोघांची जुंपायची.

“तुझा तो समुद्रात बुडी मारणारा फार फेकतो हं!”

“बाबा, शास्त्रज्ञ आहे तो.”

“असेल. शास्त्रज्ञ फेकत नाहीत असं कुठे लिहिलंय?”

ही जेवणे मला फार आवडायची.

हळूहळू बाबा आवाज वाढवू लागले. बसचा गोंगाट असतो, म्हणून मी मनावर घेतले नाही. पण मोकळ्या रस्त्यावरही आवाज तेवढाच राहिला. माझ्या अंगाला कंप सुटायचा. एकदा मागून येणाऱ्या गाडीचा भोंगा त्यांना ऐकूच आला नाही. चालकाने कचकन ब्रेक दाबला आणि वर चार शब्द सुनावले. त्याच सुमारास त्यांनी निवडलेली एक फळी कपाटाला लावल्यावर उभी चिरली. “मिस्त्री, लक्ष कुठे असतं तुमचं?” मालक सगळ्यांदेखत म्हणाले. त्या संध्याकाळी बाबांनी घरी यातले काहीच सांगितले नाही.

आणि एके दिवशी एका पॉडकास्टवर लेकीचीच मुलाखत झाली. प्रवासात नि व्यायामात काय ऐकावे, हाच विषय. बाबा सकाळपासून हरखले होते. बसमध्ये खिडकीजवळची जागा पकडून त्यांनी मला दोन्ही कानांत बसवले.

इथेच घोटाळा झाला, मित्रांनो. मुलाखत घेणारी मंडळी हौशी होती. त्यांनी विचारणाऱ्याचा आवाज सगळा डाव्या बाजूला आणि लेकीचा सगळा उजव्या बाजूला ठेवला होता. दोन्ही कानांनी ऐकू येणाऱ्या माणसाला त्याचे काही वाटले नसते. बाबांच्या डाव्या कानात मात्र नुसते प्रश्न येत राहिले. लेकीचा शब्द न् शब्द मी उजव्या कानात ओतत होतो आणि तो तिथेच विरत होता. शेवटी विचारणाऱ्याने विचारले, “ऐकायची ही गोडी तुम्हाला कुणी लावली?” बाबा सावरून बसले. श्वास रोखून थांबले. त्यांना काहीच ऐकू आले नाही. मी ओरडून सांगितले असते, पण माझा स्वतःचा असा आवाज कुठे आहे?

घरी आल्यावर ते तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “घाबरलीस होय? होतं गं असं पहिल्यांदा. तो बिचारा विचारत होता आणि तू आपली गप्प. माझं नाव नाही घेतलंस तरी चालेल, पण काहीतरी बोलायचंस.”

“बाबा, थट्टा करताय? मी एकटीच तर बडबडत होते!”

बाबांच्या तोंडावर थट्टा नव्हती. तिने मला स्वतःच्या कानांत घालून पाहिले. मग बाबांसमोर बसून माझे उजवे तोंड त्यांच्या डाव्या कानात बसवले आणि तो शेवटचा प्रश्न पुन्हा लावला. आता त्यांना प्रश्न ऐकू आला नाही. तिचे उत्तर ऐकू आले.

“माझ्या बाबांनी. लहानपणी ते फळी माझ्या कानाशी धरून ठोकायचे आणि विचारायचे, आत काय आहे सांग. त्यांच्याइतकं नीट ऐकणारं माणूस मी पाहिलेलं नाही.”

बाबांनी मला कानातून काढले आणि मुठीत घट्ट धरले.

“कधीपासून, बाबा?”

“बरेच दिवस झाले. ऐकू येत नाही म्हटलं, तर लाकूड कोण देणार माझ्या हातात?”

कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले की उजवा कान परत यायचा नाही, डावा सांभाळा. यंत्राचा आवाज तर होताच, वर मोठ्याने ऐकण्याची भर पडली. त्या भरीत माझा वाटा किती, हे मला कुणी सांगितले नाही आणि ते मला आजही टोचते. बाबांचे भय खरे ठरले. फळ्या निवडायचे काम दुसऱ्याकडे गेले. ते आता पॉलिश करतात. संध्याकाळी चालायला जाताना लेक त्यांच्या डाव्या बाजूने चालते आणि काय ऐकले ते स्वतःच सांगते. मी खिडकीजवळच्या खिळ्याला लटकून दोघांना जाताना पाहतो.

मित्रांनो, चांगले ते जरूर ऐका, पण आवाज बेताचा ठेवा आणि रस्त्यावर कान मोकळे ठेवा. डोळा दुखला की माणूस ओरडतो. कान बिचारा न सांगता निघून जातो. आणि घरातले कुणी विचारलेल्याचे भलतेच उत्तर देऊ लागले, तर हसण्याआधी एकदा उठून त्यांच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसा.