एकवीस नंबरची लेव्हल

माझे सासरे भिकाजी म्हणजे अख्ख्या देवबागचे भाई. त्यांच्या माडांच्या जागेत रिसॉर्ट उभं राहिलं तेव्हा मुंबईच्या मालकाने त्यांना भागीदार म्हटलं, गेटजवळ एक केबिन दिली आणि टेबलावर फोन ठेवला. एकवीस नंबर. भागीदारीतलं हाताला लागलं ते एवढंच. पण त्या फोनवरून थेट मालकाशी बोलता यायचं, आणि भाई त्यातच खूश होते. त्यांच्या मोबाईलवरून केलेला फोन मालक कधीच उचलत नसत.

समुद्रावर जाणारी वाट गावाला मोकळी ठेवायची, हा मालकाचा शब्द होता. तोंडी. आमच्या माणसांना तोंडी शब्दाचं भारी कौतुक! यंदा त्या वाटेवर भिंत घालायचं ठरलं, आणि भाई रोज फोन करून शब्दाची आठवण करून द्यायला लागले. मालक वैतागले.

मग मॅनेजरने टेलिफोनवाल्या विनीतला बोलावलं. माझ्याच शेजारी, रिसेप्शनवर बसून त्याने बटणं दाबली आणि प्रत्येक फोनला लेव्हल दिली. मालक पहिली लेव्हल, कुठेही फोन लागणार. मॅनेजर आणि रिसेप्शन दुसरी. पाहुण्यांच्या खोल्या तिसरी. एकवीस नंबर शेवटची: कुठलाही नंबर फिरवा, वाजणार फक्त रिसेप्शन. किचनचीसुद्धा लेव्हल याहून वरची होती. रिसेप्शनवर मी बसते. म्हणजे भाईंना अडवायचं काम माझ्याच गळ्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळीच एकवीस नंबर वाजला.

"रश्मी? मी सायबाक लावलंय, मगे तू खंय मधेच? जेसीबी वाटेर इलो हा गो! बेगीन सायबाक जोडून दी. मी सांगतंय तेंका, ते थांबवतले."

जोडणं माझ्या हातात होतं. दोन बटणांचं काम. पण मॅनेजर काउंटरला टेकून माझ्या तोंडाकडे बघत उभा होता. माझी नोकरी याच महिन्यात कायम व्हायची होती, आणि घरात पगार येतो तो माझाच. असा संताप आला मॅनेजरचा, मालकाचा, त्या मेल्या फोनचा! काय उपयोग संतापून?

"सर," मी पाहुण्यांशी बोलते त्याच आवाजात म्हटलं, "साहेब मीटिंगमध्ये आहेत. आपला निरोप मी नक्की पोहोचवते."

पलीकडून नुसती जेसीबीची घरघर ऐकू आली. मग त्यांनी फोन ठेवला. दुपारपर्यंत वाट गेली.

त्या रात्री भाई जेवायला बसले. एरवी ताटावर बसले की "गो रश्मी, कढी खंय?" म्हणून घर डोक्यावर घेणारा माणूस. मी भात वाढला. मग माझ्याकडे न बघता, अगदी शुद्ध मराठीत म्हणाले, "मॅडम, थोडी कढी मिळेल का?"

माझी नोकरी कायम झाली. भाई अजून माझ्याशी तसंच बोलतात.