करवंदाला लावलेलं मीठ

सुचिताला वाइन आवडत नसे. घोट तोंडात घ्यावा, जिभेवरून फिरवावा, डोळे मिटून जरा थांबावं आणि शेजारच्या भांड्यात थुंकून टाकावा, एवढाच तिचा वाइनशी संबंध. फळांच्या रसाच्या कारखान्यात ती तपासणीच्या प्रयोगशाळेत होती, तेव्हा आंब्याचा रसही ती असाच चाखायची. मग कारखाना बंद पडला आणि ती चौलला घरी बसली. बसली म्हणजे नुसती नावाला. डाळीच्या डब्यांवर तारखा चिकटवून झाल्या, लोणच्यांच्या बरण्या उंचीप्रमाणे लावून झाल्या, तरी हातांना काम पुरेना. तिला पुन्हा स्वतःचं एक टेबल हवं होतं, ज्यावर दुसऱ्या कुणी पोळ्या लाटणार नाही असं.

ते टेबल मिळण्याची शक्यता आज पहिल्यांदा दिसत होती. तिचा पुतण्या रितेश याने सुपारीच्या वाडीत पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या होत्या आणि बारचा परवानाही काढला होता. मेच्या शेवटी त्याच्याकडे एक लग्न होतं. नवऱ्या मुलीला बेरीची कॉकटेलं हवी होती, जुनी, नावाजलेली, वरून फेसाळती वाइन ओतलेली. रितेशने मुंबईहून परदेशी सिरपच्या बाटल्या आणि त्या हलवणारा एक माणूस मागवायचं जवळजवळ ठरवलंच होतं.

"बेरी बेरी काय करतोस?" सुचिता म्हणाली होती. "तळा गावच्या डोंगरात करवंदं पिकलीत. ती बेरी नाही तर काय आहे?"

"काकी, करवंद म्हणजे लहानपणी पानाच्या द्रोणात खायची गोष्ट."

"मला एकदा करून दाखवू दे."

रितेशने डोकं खाजवलं. "ठीक आहे. लग्नाचं सगळं पूनम मॅडम बघतात, त्या येऊन चव घेतील. त्यांना पटलं तर या मोसमाचं काउंटर तुझं. नाही पटलं तर मुंबईचा माणूस येणार, मग रुसायचं नाही."

सुचिता रुसणारी बाई नव्हती. तिने त्याच आठवड्यात पिकलेली करवंदं निवडून, चिरून, साखर घालून ब्रँडीत मुरत ठेवली. फ्रान्समध्ये दिसायला काळ्या मनुकांसारख्या, पण आंबट अशा बेरीचा गोड अर्क ग्लासाच्या तळाशी घालून वर फेसाळती वाइन ओततात, त्याला किर रोयाल म्हणतात, हे तिने वाचलं होतं. तिच्या लेखी त्या बेरीत आणि करवंदात फारसा फरक नव्हता. दोन्ही काळी, दोन्ही आंबट, दोन्हींनी बोटं रंगतात. अर्काला गडद लाल रंग चढला, तेव्हा तिने तो मलमलीतून दोनदा गाळला. गर राहिला तर वाइनमधला वायू त्याच्या कणाकणावर गोळा होऊन फसफसतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. नाशिकची फेसाळती वाइन तिने सकाळपासून बर्फात ठेवली. ग्लास गरम पाण्याने धुऊन पालथे घातले, पुसले मात्र नाहीत. फडक्याचा एक तंतू आत राहिला तरी बुडबुडे तिथूनच उठत राहतात.

एवढी सगळी काळजी घेतली आणि शेवटचं एक काम तिने जाऊबाईंकडे दिलं. नीराबाई रितेशची आई, वयाने मोठी, घरात सगळ्यांची अक्का.

"अक्का, प्रत्येक ग्लासात एक अख्खं करवंद टाकायचंय. तेवढी धुऊन ठेवाल?"

"धुते गो. त्यात काय मोठं हाय!"

दुपार उतरल्यावर पूनम आली. बारीक चणीची, भराभर बोलणारी, हातात फोन. व्हरांड्यातल्या टेबलाशी बसता बसता तिने समुद्राचा, सुपारीचा आणि टेबलाचा फोटो काढून घेतला. रितेश शेजारी बसला. अक्का करवंदांची वाटी ठेवून दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या.

सुचिताने ग्लासात चमचाभर अर्क घातला. वाटीतलं एक ओलं, काळंभोर करवंद चमच्याने उचलून अलगद तळाशी सोडलं. मग बाटली तिरकी धरून हळूच धार धरली.

ग्लास अर्धाही भरला नसेल, तोच आतून गुलाबी फेस उसळला. काठावरून सांडला, टेबलक्लॉथवर पसरला आणि थेट पूनमच्या फोनकडे निघाला. पूनमने फोन उचलला, पण मागे सरकायचं सोडून तिने तो फेसावर रोखला.

"काकी!" रितेश उठलाच. "अगं, ओत ना हळू!"

"हळूच ओततेय," सुचिता म्हणाली. आवाज शांत होता, कानशिलं मात्र तापली होती. वाइन गार आहे, ग्लास स्वच्छ आहे, अर्क गाळलेला आहे. उरलं काय? तिने वाटीतलं दुसरं करवंद उचललं आणि दोन बोटांत फिरवलं. बोटांना खरखर लागली. ते तिने जिभेला लावलं.

"अक्का, याला मीठ लावलंत?"

"मग?" अक्कांना प्रश्नच कळला नाही. "पाहुन्यांच्या पुढं कोण बिनमिठाचं करवंद ठेवतं? चीक बसतो व्होठांना. धुतली नि जाड्या मिठात घोळवली. आपल्या मिठागराचं हाय, दुकानातलं न्हाय."

रितेशने कपाळावर हात मारून घेतला. "आई, हे लग्नाचं कॉकटेल आहे, शाळेच्या दारातल्या करवंदवालीची पाटी नाही!"

"वरडतोस कशाला? खाल्लंस का एक तरी?"

सुचिताला हसू आलं, ते तिने आवरलं. मिठाच्या प्रत्येक खड्याच्या अंगावर वायू जमला आणि सगळा एकदम बाहेर पळाला, एवढंच झालं होतं. ती बिनमिठाचं करवंद घ्यायला वळली, तेवढ्यात पूनम म्हणाली,

"थांबा, थांबा. मला हेच हवंय."

"काय?"

"हे कारंजं! शंभर ग्लास ओळीत मांडायचे, एकदम ओतायचे, सगळे एकदम उसळले पाहिजेत. काय व्हिडिओ होईल! काउंटर तुमचंच, मॅडम."

रितेशचा चेहरा क्षणात उजळला. त्याने टेबलाखालून काकीच्या पायाला पाय लावला. हो म्हण, असा त्याचा अर्थ.

सुचिताने बाटली खाली ठेवली. हवं होतं ते टेबल समोर आलं होतं, एक शब्द पुरे होता. तिने सांडलेल्या ग्लासाकडे पाहिलं. फेस बसला होता, तळाशी लालसर पाणी राहिलं होतं, बुडबुडा एकही नव्हता.

"हे पिऊन बघा आधी," ती म्हणाली.

पूनमने घोट घेतला. "गोड आहे. मेलेलं आहे जरा. पण शेवटी खारट लागतं ना, ते छान वाटतं."

"मेलेलंच आहे. सगळा वायू टेबलावर गेला. पाहुणे व्हिडिओ बघून घरी जातील आणि हेच पिऊन गेलेले असतील. मी असं देणार नाही."

"काकी," रितेश दात आवळून म्हणाला.

"थांब रे. खारट छान लागतं, ते मात्र यांचं बरोबर आहे. ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं."

ती आत गेली. वाटीभर अर्कात चिमूटभर मीठ टाकून ढवळत राहिली, खडा बोटांना लागेनासा होईपर्यंत. पुन्हा गाळला, वाटी बर्फात बसवली आणि गार होईतो हलली नाही. बाहेरून रितेश काहीबाही बोलून पूनमला थोपवत होता, ते तिला ऐकू येत होतं. अक्का मागोमाग आत आल्या.

"माझ्यामुळं बिघडलं काय गो?"

"नाही अक्का. अजून ठरायचंय."

या वेळी वाइन ओतली तेव्हा काहीच उसळलं नाही. तळाशी लाल, वर फिकट होत गेलेला रंग आणि त्यातून सरळ रेषेत चढणारे बारीक बुडबुडे. पूनमने घोट घेतला. मग तिने फोन टेबलावर पालथा ठेवला आणि दुसरा घोट घेतला.

"हे वेगळंच आहे," ती म्हणाली. "पण मॅडम, नवरीच्या घरचे मला विचारतील, दाखवायला काय आहे? नुसत्या चवीचा व्हिडिओ निघत नाही."

ते खोटं नव्हतं. सुचिताने विचार केला.

"एक ग्लास. नवरानवरीचा. खाली पितळी परात ठेवू, हवं तेवढं उसळू दे. बाकी सगळ्यांना मी प्यायला देईन."

पूनमने रितेशकडे पाहिलं, रितेशने परातीच्या कल्पनेकडे. "परात आहे आपल्याकडे," तो म्हणाला. "चालेल."

"चालेल," पूनमही म्हणाली. "पण परातीत झेंडूची फुलं पाहिजेत."

"फुलं तुम्ही आणा," सुचिता म्हणाली.

रितेश मुंबईच्या माणसाला फोन लावायला अंगणात उतरला. अक्का टेबलाशी आल्या. पूनमने उरवलेला ग्लास त्यांनी नाकाशी नेला, वास घेतला आणि परत ठेवला.

"मंग त्या नवऱ्यानवरीच्या करवंदाला मीठ लावनार कोन?"

"तुम्ही. पण आदल्या दिवशी नाही, मी सांगेन तेव्हाच. आणि ओल्या करवंदाला नाही, आधी कोरडं करून. ओल्यात खडे विरघळतात."

"आता मीठ लावायला तुझ्याकडनं शिकू व्हय मी?"

"व्हय," सुचिता म्हणाली आणि सांडलेला टेबलक्लॉथ गोळा करायला लागली.