जांभळ्या फ्रेमचा चष्मा

खोक्यावर चिकटपट्टी लागली आणि ठमीच्या आईने सुटकेचा श्वास सोडला. दर वर्षी असंच! चर्चची तुकडी परदेशातल्या मिशन दवाखान्यात सेवेला जायची. उपासनेनंतर पाळकसाहेब विचारायचे, "यंदा तीन आठवडे कोण देणार?" आणि अख्ख्या मंडळीला आपापले बूट निरखायची एकदम गोडी लागायची. मग घरोघरचे जुने चष्मे गोळा व्हायचे. खोकं गेलं की सेवा घडली!

खोकं याच घरात भरायचं, कारण खाली त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं. ठमीचे बाबा भिंगं घासून फ्रेममध्ये बसवायचे. ठमीची आई डोळे तपासून नंबर काढायची. कॉलेजात ती तेच शिकली होती. पण वर ठमी शिंकली, तरी ही गिऱ्हाइकाला खुर्चीत सोडून जिना चढायची. तीन वर्षांची ठमी आईच्या कानाची पाळी धरल्याशिवाय झोपूच शकत नाही, अशी तिची ठाम समजूत होती.

तेवढ्यात सिस्टरमावशी आल्या. निवृत्त नर्स, आणि गेल्याच वर्षी त्या दवाखान्यात जाऊन आलेल्या.

"मावशी, यंदा खोकं मोठं आहे हं!"

"छान. पण आधी हे बघ." मावशींनी फोनवरचा एक फोटो पुढे केला. "आजच आलाय तिकडून."

एक बाई अंगणात बसली होती. एका हाताला प्लास्टर, डोळ्यांवर जांभळ्या फ्रेमचा चष्मा.

ठमीच्या आजी वाकून बघत ओरडल्याच, "अगंबाई, हा तर माझा! काडीला दोरा मीच गुंडाळलाय. मी अजून गावाबाहेर पडले नाही, आणि माझा चष्मा परदेशात जाऊन बसला!"

सगळे हसले. ठमीची आई मात्र त्या प्लास्टरकडे बघत होती.

"हाताला काय झालं यांच्या?"

"शिवणकाम करते ती. खोक्यातून स्वतःच निवडला चष्मा, रंग आवडला म्हणून. दिवसभर तोच लावून वावरली आणि पायऱ्यांवरून पडली."

"लावून चालल्या? अहो, तो आईंचा जवळचा नंबर! त्यातून खालची पायरी धूसर दिसते, पाय नेमका कुठे टाकायचा ते कळत नाही!" ती उसळून म्हणाली. "कुणी तपासलं कसं नाही?"

"कोण तपासणार? डॉक्टर एक. तो बाळंतपणं करेल की नंबर काढेल? लोक दुकानात चपला घालून बघतात ना, तसे चष्मे लावून बघतात."

"मग इथून कुणीतरी जाणकार जायला हवा!"

"हवाच. पाळकसाहेब दर वर्षी विचारतात की. तू कुठल्या रांगेत बसतेस गं?"

ठमीच्या आईचे कान तापले.

"मावशी, ठमी लहान आहे. तिला माझ्याशिवाय झोप येत नाही."

"तिला की तुला?" भिंग पुसता पुसता ठमीचे बाबा म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा! मावशी, ती जरा मोठी झाली की जाईनच मी."

"मीही हेच म्हणायचे. मग मुलांच्या परीक्षा आल्या, मग त्यांची लग्नं. मोकळी झाले तेव्हा गुडघे म्हणाले, आता आम्हाला सांभाळ. गेल्या वर्षी कशीबशी एकदाच जाऊन आले." मावशी हसल्या, मग खोक्यावर हात ठेवून हळूच म्हणाल्या, "मला सांग, आपल्यासाठी प्रभूने एखादं खोकं पाठवून दिलं असतं तर? पण नाही! तो स्वतः आला."

ठमीच्या आईने फोटोकडे पाहिलं, मग खोक्याकडे. आणि एका हिसक्यात तिने चिकटपट्टी ओढून काढली!

"अहो, आपली तपासणीची भिंगं न फुटता विमानातून जातील अशी बांधता येतील? आणि या सगळ्या चष्म्यांचे नंबर काढून चिकटवायचे आहेत. आत्ताच बसू या!"

मग घरात नुसती धांदल उडाली! पासपोर्ट सापडला, बॅग सापडेना. समोरच्या काकू दारातूनच म्हणाल्या, "एवढंसं पोर टाकून निघालीस? धन्य आहे बाई!" ठमीची आई तडक आत गेली. तिने ठमीच्या खाण्यापिण्याच्या, औषधांच्या सूचना फ्रिजवर इतक्या डकवल्या, की फ्रिजचा रंग दिसेना.

"अगं, मी तिचा बाप आहे, भाडेकरू नाही!" ठमीचे बाबा म्हणाले.

तुकडी तिकडे पोचली, तेव्हा दवाखान्याच्या अंगणात रांग थेट फाटकाबाहेर गेली होती. शिवणकाम करणारी बाई दुसऱ्याच दिवशी आली. प्लास्टर निघालं होतं, पण चष्मा फडक्यात बांधलेला; घालायची भीती बसली होती. ठमीच्या आईने तिला खुर्चीत बसवलं, एकेक भिंग बदलून पाहिलं, आणून ठेवलेल्यांतून जुळणारा चष्मा काढला आणि जांभळा आजींना परत द्यायला पिशवीत टाकला.

"हा फक्त शिवताना. उठलात की काढायचा, बरं का!" शेजारी उभी असलेली तिथली नर्स तिच्या भाषेत ते सांगत होती.

बाईने कपड्याला टोचलेली सुई काढली. दोरा एका दमात आत गेला! ती ओरडली, रांग हसली, आणि ठमीच्या आईला हसू की रडू, काही कळेना.

दुपारी तिने घरी फोन लावला. पडद्यावर ठमी गाढ झोपलेली. मुठीत आजीच्या कानाची पाळी!

"हलू नकोस, उठेल," आजी कुजबुजल्या, जणू हीच शेजारी बसली होती.

तिला क्षणभर टोचलं. मग इतकं हलकं वाटलं, की ती धावतच पुन्हा रांगेकडे गेली.

मंडळी, आपल्याही घरात असं एखादं खोकं चिकटपट्टी लावून तयार असेल. जरूर पाठवा! पण वस्तूला समोरच्याचे डोळे बघता येत नाहीत, त्याला काय हवंय ते विचारता येत नाही. त्यासाठी माणूसच जावा लागतो, आणि त्याला आपला वेळ सोबत न्यावा लागतो. सगळं आवरल्यावर उरलेला नव्हे, आज हातात असलेला!

पुढच्या वर्षी पाळकसाहेबांनी पुन्हा विचारलं, "यंदा कोण?" ठमीच्या आईने हात वर केलाच, पण तिच्याआधी शेजारचा हात वर गेला होता.

"मी येते," ठमीच्या आजी म्हणाल्या. त्यांच्या नाकावर परत आलेला जांभळा चष्मा होता. "नंबर चिकटवायला, रांग लावायला कुणीतरी लागेलच की! आणि ठमीला तिच्या बापाचेही कान आहेत!"