मोरीला बोटं नसतात

गास गावाच्या बाजूला, दवाखान्यात बायकोचं दुखणं नवऱ्यानं सांगायचं अशी रीतच होती. मारहाण झालेल्या बायका कशा ओळखायच्या, त्यांना काय विचारायचं, याचं ट्रेनिंग घेऊन आलेल्या सरोजिनी सिस्टरनं ती सोमवारी मोडली.

“पानी भरताना मोरीत पडली,” शत्रुघ्न म्हणाला.

“तुम्ही बाहेर बसा.”

“बायको माझी आहे, सिस्टर!”

“असू दे की. पेशंट माझी आहे.”

दार लावून तिनं बायजाच्या गळ्यावरचे वळ पाहिले.

“मोरीतच पडले,” बायजा पुटपुटली.

“बरं. मग तुमच्या मोरीला बोटं कधीपासून गं?”

बायजाला आधी हसू आलं, मग रडू. डोळे पुसून, बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, “नवऱ्यानं गळा दाबला. लिवा, सिस्टर!”